दात जुळलेली अँबॅसिडर

आमच्या शेडात अँबॅसिडर उभी होती आणि मला तिथं पिठाची गिरणी टाकायची होती. सगळं रामायण एवढ्यावरून झालं.

माझं माहेर पिंपरी पेंढारचं. तिथं माझ्या भावाची गिरणी आहे. २००९च्या पावसाळ्यात त्यानं नवी मोठी गिरणी बसवली आणि जुनी, पण चांगली धडधाकट, मला देऊ केली. "दसऱ्याच्या आत घिऊन जा ताई," तो म्हणाला, "नायतर माझ्या सासरचे टपूनच बसल्यात." मी बारावी झालेली बाई. निमगाव सावात लग्न करून आले ती काही जन्मभर दुसऱ्याच्या गिरणीवर डबा ठेवून नंबर धरायला नाही. मला माझ्या हातचा धंदा हवा होता, आणि तो इतका हवा होता की झोपेत मला पट्ट्याचा आवाज यायचा. पण गिरणीला रस्त्यालगतची जागा लागते, वर पत्रा लागतो आणि तीन फेजची लाइन लागते. हे तिन्ही आमच्या शेडातच होतं. आणि शेडात ती होती.

ती म्हणजे मामांची गाडी. मामा म्हणजे माझे सासरे, सावळाराम. त्यांनी ती १९८४ साली नवी कोरी आणली तेव्हा गावात दुसरं चारचाकी वाहन नव्हतं. कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या आणि कितीतरी अडलेल्या बाळंतिणी तिच्यातून नारायणगावच्या दवाखान्यात. मी सून म्हणून आले तोवर तिचे ते दिवस सरले होते. मागचं डावं दार एका बैलानं शिंग मारून बाहेरून कायमचं बंद केलं होतं. वरातीत वाजवून वाजवून हॉर्न हट्टी झाला होता. मामांनी कौतुकानं तिचं पासिंग वेळच्या वेळी करून घेतलं होतं, पण ती फिरायची कमी आणि पुसली जायची जास्त. रोज सकाळी मामा फडकं घेऊन शेडात जायचे आणि मी चुलीपुढं दात-ओठ खायचे.

एकदा जेवताना मी विषय काढलाच. मामा शांतपणे म्हणाले, "गाडी इकली का शेड तुझं. मंग तर झालं?"

एवढ्या सहजासहजी ते का कबूल झाले, हे मला दोन घास गेल्यावर कळलं. निमगाव सावात त्या गाडीला धक्का न मारलेला गडी नव्हता. ज्यानं धक्का मारलाय तो ती विकत कशाला घेईल? मामांना खात्री होती की गिऱ्हाईक मिळणारच नाही.

पण माझा नवरा सूरज स्वभावानं गरीब असला तरी डोक्यानं नाही. तो नारायणगावात ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, "आमच्या दुकानातल्या एकानं इंटरनेटवर जाहिरात टाकून मोटारसायकल इकली. फुकट टाकता येती. फोटो टाकायचा, नंबर टाकायचा, घरबसल्या फोन येत्यात."

"परगावच्या माणसांचे?" मामांनी विचारलं.

"पार पुण्या-मुंबईचे."

मामांचा घास हातातच राहिला. मी मात्र दुसऱ्या दिवशीच त्यांना एसटीत घालून जुन्नरला नेलं.

जुन्नरच्या बाजारपेठेत एका जिन्याखाली नेटकॅफे होता. कॅफेवाल्यानं आम्हाला दोन स्टुलं दिली, सूरजनं काढलेला फोटो चढवला आणि विचारलं, "काय लिहू? एक्सलंट कंडिशन लिहितो."

"म्हंजी?" मामा म्हणाले.

"म्हणजे गाडी एकदम उत्तम आहे असं."

"उत्तम कुठं हाय? खोटं कशाला ल्ह्यायचं? उद्या दारात आलेला माणूस काय म्हनंल? खोडी ल्ह्या."

कॅफेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी कपाळाला हात लावला, कारण मामांच्या डोक्यात काय शिरलं हे मला कळलं होतं. मामांनी आयुष्यात मोटार एकच घेतली, पण बैल पुष्कळ घेतले आणि विकले. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात त्यांची एक पत होती. बैल मारका असेल तर मारका म्हणून सांगायचा, बसका असेल तर बसका म्हणून. खोड लपवून विकलेला बैल कधी ना कधी शिव्या घेऊन परत दारात येतो, असं ते म्हणायचे. आता तोच कायदा त्यांनी इंटरनेटला लावला. ते डोळे मिटून सांगत गेले, आणि मराठी अक्षरं उमटत नाहीत म्हणून कॅफेवाला इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेला. जाहिरात अशी झाली:

"पांढरी अँबॅसिडर, साल १९८४. पयल्यापासून एकच धनी. दात जुळलेत. अंगानं थोराड, दिसायला देखणी. मारकी नाय. गारठ्यात उठायला लई वेळ लावती, पण उठली का दिवसभर बसत नाय. उताराला मोकळी सोडू नये. पाणी लई पिती. मागलं डावं दार आतूनच उघडतं. हॉर्न एकदा वाजला का त्याच्या मनानं थांबतो. परका माणूस बसला का जरा बुजती, नंतर वळणावर येती. चार माणसं घिऊन यावं, बघून न्यावी."

नंबर मामांनी स्वतःच्याच मोबाईलचा दिला. गिरणी भावाच्या सासरी गेली, असं मी मनात धरून टाकलं होतं.

आणि फोन सुरू झाले. इतके, की मामा मोबाईल बंडीच्या खिशात न ठेवता हातातच धरून हिंडायला लागले. निम्म्या लोकांना गाडी नकोच होती, त्यांना जाहिरात लिहिणाऱ्या माणसाशी बोलायचं होतं. चिंचवडहून एक गॅरेजवाला फार गंभीरपणे म्हणाला, "ते दात जुळलेत म्हणजे गिअरबॉक्स नवीन टाकलाय का?"

मामा म्हणाले, "न्हाई ओ. दात जुळले म्हंजी वय झालं. बैलाला दोन दात येत्यात, मंग चार, मंग सहा. समदे आले का जुळला. त्याच्या म्होरं वय मोजायचं नसतं."

मग तो म्हणाला, "काका, माझंपण जुळलंय मग." आणि दोघं मिळून हसत बसले. सौदा काही झाला नाही.

लोणावळ्याकडच्या एका हॉटेलवाल्याला गाडी दारापुढं शोभेला ठेवायची होती. बॉनेट उघडून आत फुलझाडं लावणार म्हणाला. मामांनी त्याला सांगितलं, "तिच्या डोक्यात झाड लावायला मी तिला पोसली न्हाई." आणखी एकानं वजनावर मागितली. मामांनी फोन ठेवला आणि दुपारचा चहा घेतला नाही. खाटकाला बैल न देणारा माणूस, तो भंगारवाल्याला गाडी कशी देणार?

गणपती बसले, गणपती गेले. भावाचा फोन आला, "ताई, काय करती?" मी म्हटलं, थांब. माझा जीव टांगणीला लागलेला. अशात एका सोमवारी मामा बेल्ह्याला नुसतं फिरून येतो म्हणून गेले आणि आल्या आल्या अंगणात उभे राहून म्हणाले, "काय खोंडं आल्यात बाजाराला. गाडी गेली का शेडात एक जोडी बांधावी म्हन्तो. दारात बैल नसला का दार कसं मुकं वाटतं."

माझ्या हातातलं ताट खाली आदळलं. "शेड मला देतो म्हनला व्हता तुमी, मामा."

"तुला बी बघू की कुटंतरी," मामा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखाचं रडू नव्हतं ते, संतापाचं होतं. माझ्या सासूबाई सारजाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं बोलून दाखवलं. शब्द देऊन फिरवतात, सुनेला काय किंमतच नाही का, उद्याच मी पिंपरी पेंढारला निघून जाते, जे तोंडाला येईल ते. आत्यांनी ऐकून घेतलं. आत्या कमी बोलतात. घरातल्या व्यवहारात तर त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं. बैल आला, बैल गेला, गाडी आली, सगळं त्यांना अंगणात उभं राहिल्यावर कळायचं.

त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी तर जाऊ दे आदी."

आणि त्याच आठवड्यात रत्नाचा फोन आला. आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पलीकडं, डिंभ्याच्या धरणाच्या वर डोंगरात त्यांचं गाव. ती घोडेगावात कंप्युटरच्या क्लासला यायची आणि तिथं तिनं जाहिरात वाचली होती. तिचा नवरा गोकुळ दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. त्याला आता स्वतःची गाडी करायची होती. "आमी लई जाहिराती वाचल्या," रत्ना म्हणाली. "समद्या गाड्या ए-वन. आमच्या सासूबाईंना तुमची वाचून दाखवली, तर त्या म्हनल्या, ह्यो एकटाच मानूस खरं बोलतोय. चला."

मंगळवारी सकाळी तिघं आली. गोकुळ, रत्ना, आणि गोकुळची आई लंकाबाई. लंकाबाई काटक, उंच, कपाळावर गोंदलेली. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ शेडात गेल्या. गाडीभोवती एक उजवा फेरा, एक डावा फेरा. पाठीवर थाप मारावी तशी बॉनेटवर थाप मारली. वाकून चाकांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "चालीव."

गोकुळनं किल्ली फिरवली. गाडी उठेना. सूरजचा चेहरा पडला, माझा तर आधीच पडलेला होता. पण लंकाबाईंनी मान डोलवली. "गारठ्यात वेळ लावती म्हनले व्हते. बराबर हाय." सहाव्या-सातव्या वेळेला गाडी उठली. गोकुळनं गावाबाहेर फेरी मारून आणली, येताना हॉर्न वाजवला आणि तो थांबवायला त्याला उतरून बॉनेट उघडावं लागलं. रत्ना बसताना मागच्या डाव्या दाराशी गेली होती, पण ते बाहेरून उघडेना, तिला दुसऱ्या दारानं आत शिरावं लागलं होतं. प्रत्येक खोड जशीच्या तशी निघाली, आणि प्रत्येक खोडीला लंकाबाई जास्तच खूश होत गेल्या.

"बोलल्यापरमानं हाय," त्या म्हणाल्या. "घ्यायची."

सूरज पुढं होऊन म्हणाला, "मंग कितीला..."

"गप," मामा त्याच्यावर ओरडले. "चारचौघांत भाव बोलत्यात व्हय? अक्कल हाय का?"

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक नको म्हणतो, दुसरा बोटं वाढवतो, आजूबाजूच्यांना फक्त टॉवेल हललेला दिसतो. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात गोकुळपुढं केला. गोकुळनं तो टॉवेलासकट धरला आणि शेकहँड समजून जोरात हलवला.

"आवो, भाव सांगा," मामा म्हणाले.

"हातात कसा सांगू?" गोकुळ म्हणाला.

"त्याला न्हाई येत त्ये," लंकाबाई म्हणाल्या. "त्येचा बाप गेल्यापास्नं आमच्यात बैल मीच घेती आन मीच इकती." असं म्हणून त्यांनी आपला हात पदराखाली घेतला आणि पदर मामांपुढं धरला.

मामांनी हात असा मागं घेतला, जसा तापल्या तव्याला लागलाय. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. दारात आत्या उभ्या होत्या.

"बाई, तुमचा हात मी कसा धरू?" मामा म्हणाले.

"बाजारात दलाल धरत्यात की."

"दलालाची गोष्ट येगळी. दलालाला हात नसतो, नुसता भाव असतो."

"मंग दलाल बोलवा."

"आज मंगळवार. दलाल समदे सोमवारचे."

सूरजला बोटांची भाषा येत नव्हती, गोकुळला येत नव्हती. तोंडानं भाव बोलायला मामा तयार नव्हते, आणि आता लंकाबाईही तयार नव्हत्या. त्यांचंही नाक तेवढंच वर होतं. "मंग ऱ्हाऊ द्या पावणं," त्या म्हणाल्या आणि पायातल्या चपला नीट करायला लागल्या. माझ्या डोळ्यांसमोरून गिरणी टेम्पोत बसून चालली होती.

"मी करती दलाली," आत्या म्हणाल्या.

मामांनी वळून पाहिलं. "तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"माझा बाप काय करीत व्हता?"

आत्यांचे वडील बेल्ह्याच्या बाजारातले नामी दलाल होते, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. पण त्यांच्या मुलीलाही काही येत असेल, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं, अगदी माझ्यासुद्धा. आत्या अंगणात आल्या आणि बाजेवर मधोमध बसल्या. "लहान व्हते तवा आन्ना बाजारावरनं आले का माझा हात धरून दिवसाचे समदे सौदे परत करायचे," त्या लंकाबाईंना म्हणाल्या. "आमचा खेळ व्हता त्यो. बसा."

एका बाजूला लंकाबाई बसल्या, दुसऱ्या बाजूला मामा. आत्यांनी डावा हात लंकाबाईंच्या पदराखाली घातला आणि उजवा हात मामांपुढं धरला. मामा घुटमळले. अंगणात सून, मुलगा, पाहुणे, कुंपणावर शेजारची सखूबाई. चारचौघांत बायकोचा हात धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी टॉवेल टाकला आणि हात धरला. त्यांचे कान तांबडेलाल झालेले मला स्पष्ट दिसले.

पदर हलला. आत्यांनी मान हलवली. टॉवेल हलला. लंकाबाईंनी ओठ आवळले. पदर पुन्हा हलला, या वेळी जरा जास्त. मामा म्हणाले, "छ्या." आत्या त्यांच्याकडं न पाहता म्हणाल्या, "तोंडानं बोलायचं न्हाई." मामा गप्प बसले. मी तेरा वर्षं त्या घरात होते, मामांना गप्प बसवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. टॉवेल, पदर, टॉवेल. मध्येच आत्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी बघतच राहिले. त्या आमच्या घरातल्या आत्या नव्हत्या, बापाबरोबर खेळणारी कोणी पोरगी होती.

"झालं," लंकाबाई म्हणाल्या.

"झालं," मामा म्हणाले.

दोघंही आपणच जिंकल्यासारखे दिसत होते. ते कसं शक्य आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. आत्यांनी कोणाला कुठलं बोट सांगितलं ते त्यांनाच माहीत, आणि त्यांनी ते आजतागायत सांगितलेलं नाही.

लंकाबाई मनापासून हसल्या. "दलाली बोल, सारजाबाई. काय देऊ?"

"तुमच्याकडं भात चांगला पिकतो. सुगीला नव्या तांदळाची एक पायली आना. आन तुमी सोता आना, पाठवू नका."

"आनते," लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला हात सोडवून घेतला. रत्ना किल्ली घेऊन गोकुळकडं गेली. मामाही उठायला लागले, पण त्यांना उठता येईना.

"सोड की," ते हळूच म्हणाले.

"माझी दलाली?" आत्या म्हणाल्या.

"घरातल्या घरात कसली दलाली?"

"दलाल दोनी बाजूंनी घेतो. आन्नांनी सख्ख्या भावाची सोडली नव्हती."

"बरं, सांग. काय पायजे?"

"शेड."

कुंपणावरची सखूबाई आणखी पुढं वाकली.

"आगं, खोंडं..." मामा म्हणाले.

"मागल्या दारी छप्पर घाला आन बांधा की जोडी. मीच वैरण टाकीन. शेड माझं. मी त्ये कुनालाबी देईन."

टॉवेल हलला. मामा बोटांनी काहीतरी बोलत होते. आत्यांनी मान हलवली, नाही. टॉवेल पुन्हा हलला. पुन्हा नाही. तेवढ्यात लंकाबाई अंगणाच्या टोकाकडून म्हणाल्या, "पावणं, दलाली बुडवनाऱ्याला आमच्या बाजारात कुनी हुबं करत न्हाई."

मामांनी शेडाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या मिशीत हसू यायला लागलं आणि ते त्यांना आवरेना.

"दिलं," ते म्हणाले.

"अंजना," आत्या मला म्हणाल्या, "भावाला फोन लाव. उद्याच टेम्पो घिऊन ये म्हनावं."

मी फोन लावला. पलीकडून भाऊ हॅलो हॅलो करत होता आणि मी बाजेकडंच बघत होते. सौदा मिटला होता, दलाली मिटली होती, टॉवेल केव्हाच खाली पडला होता, आणि मामांनी अजून आत्यांचा हात सोडला नव्हता.